विजेची घाई

आमच्या घरीं विजेची दुचाकी आली, तेव्हां पेट्रोलची चिंता सरली असें आम्हांस वाटलें. पण तिच्या जागीं वेळेची चिंता आली. आमच्या सूनबाई बालाघाटाच्या माथ्यावरील एका शाळेंत शिकवितात. सकाळीं लवकर निघावयाचें, आणि रात्रीं वीज गेली कीं गाडी अर्धपोटीं! बॅटरी ३ किलोवॉट-तासांची, चार्जर ७५० वॉटचा. म्हणजे सरळ ४ तास, आणि मधली तूट धरतां त्याहून अधिक.

चिरंजीव म्हणाले, "नाना, दुप्पट शक्तीचा चार्जर मिळतो." सुनेचे हाल पाहवत नव्हते, आम्हीं तत्काळ पैसे काढून दिले.

तिसऱ्या रात्रीं सूनबाईंनीं हांक मारली, "मामंजी, ओसरीवर कांहींतरी जळतंय!" पाहतों तों भिंतींतील सॉकेट वितळूं लागलेलें. त्याच भिंतीच्या पलीकडे आमची नात निजली होती. मुख्य बटण बंद करतांना हात कांपत होते.

दुसरे दिवशीं वायरमननें आमची शिकवणी घेतली. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपियरहून अधिक प्रवाह. आमचें सॉकेट ६ अँपियरचें, तारा जुन्या, जोड ढिले. प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते. शिवाय लिथियमची बॅटरी मर्यादेपलीकडे प्रवाह घेत नाहीं. बळेंच दिला तर तापते. सुमारें ८० टक्के भरल्यावर तर ती आपण होऊन मंद घेऊं लागते. तेव्हां शेवटच्या पंचमांशास मोठ्या चार्जरचा फारसा उपयोगच नाहीं. २०२२ सालीं देशांत अशा दुचाकींना आगी लागल्या, आणि त्यानंतर सरकारनें बॅटरींच्या चांचणीचे नियम कडक केले, हें वर्तमानपत्रांत वाचूनहि आम्ही विसरलों होतों.

शीघ्र भरणें हें मुळांतच वाईट असें नव्हे. पुण्याच्या बजाज कंपनीनें डिसेंबर २०२४ मध्यें काढलेल्या चेतकच्या एका प्रकारांत ९५० वॉटचा चार्जर गाडींतच बसविला आहे. साडेतीन किलोवॉट-तासांची बॅटरी तीन तासांत ८० टक्के भरते. पण तेथें चार्जर आणि बॅटरी हीं एकमेकांकरितांच घडविलेलीं आहेत. आमचा संबंध जुळविला होता तो पत्रिका न पाहतां!

आतां ओसरीवर स्वतंत्र जाड तार, १६ अँपियरचें सॉकेट आणि नीट अर्थिंग आहे. चार्जर मात्र गाडीसोबत आलेलाच. सूनबाई शाळेहून आल्या कीं लगेच गाडी लावतात. निजण्यापूर्वीं ती पुरेशी भरलेली असते, आणि रात्रीं वीज गेली तरी अडत नाहीं.

पस्तीस वर्षें आम्हीं रूपावली शिकविली. मंद मुलाच्या माथीं एका दिवसांत दहा शब्द कधीं मारले नाहींत. त्याची ग्रहणशक्ति आधीं पाहिली. जो विवेक वर्गांत पाळला तो घरांत विसरलों. नात सुखरूप आहे, म्हणून हें हंसत लिहितां येतें. वाचकहो, चार्जर बदलण्यापूर्वीं आपल्या भिंतींतील तार एकदां अवश्य पाहा.