आधी डोळा, मग पीस

परसात शेवग्याखाली मातीच्या परळात बाजरी आणि कण्या टाकल्या की चिमण्या उतरतात. त्यांत एखादी पांढुरकी दिसली की बघणारा हमखास म्हणतो, ‘अल्बिनो!’ मी आधी तिचा डोळा बघतो. तो काळाभोर असेल तर ती अल्बिनो नव्हे. खऱ्या अल्बिनो पक्ष्याच्या अंगात मेलॅनिन तयारच होत नाही, त्यामुळे डोळेही लालसर आणि नजर अधू. असा पक्षी मोठा होईतो क्वचितच जगतो. अनिल महाबळ, हाईन व्हॅन ग्राउ आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या जुन्या नोंदी तपासून २०१६ साली ‘डच बर्डिंग’मध्ये हेच दाखवलं: अल्बिनो म्हणून नोंदलेले बहुतेक पक्षी अल्बिनो नव्हतेच.

मग पांढरं पीस येतं कुठून? ल्युसिझममध्ये पिल्लू अंड्यात असतानाच रंगपेशी कातडीच्या काही भागांत पोहोचत नाहीत. तिथली पिसं पांढरी उगवतात आणि ती नक्षी जन्मभर तशीच राहते. दुसऱ्या प्रकारात पक्षी नेहमीच्या रंगाचाच जन्मतो. पुढे रंगपेशी निकामी होत जातात आणि पिसं बदलतील तसा पांढरेपणा वाढतो. समोर दाणे टिपणारी चिमणी यांतली कोणती, हे एका भेटीत कळत नाही. उत्तम कॅमेराही ते सांगू शकत नाही.

म्हणून मी वही ठेवतो. चिमणीची नुसती बाह्यरेषा काढायची, पांढरी पिसं जिथल्या तिथे दाखवायची, तारीख घालायची. विणीनंतर चिमण्या अंगावरची सगळी पिसं बदलतात. त्यानंतर पुन्हा चित्र काढायचं आणि दोन्ही शेजारी ठेवायची. पिसांच्या कडाही बघाव्यात. मेलॅनिनमुळे पिसाला बळकटी येते, त्यामुळे पांढरं पीस लवकर झिजतं, विरतं.

पपईच्या फोडीवर येणारा बुलबुल पांढरा असला तरी शेपटीखालचा लाल रंग शाबूत असू शकतो, कारण तो मेलॅनिनचा नसतो. मला हे दर वेळी विलक्षण वाटतं.

पांढऱ्या पिसाच्या खुणेचा मला सर्वांत मोठा लाभ वेगळाच वाटतो. एरवी सगळ्या चिमण्या सारख्या. पांढरं पीस असलेली मात्र नेमकी ओळखता येते: ती कुणाशी भांडते, कुठल्या वळचणीला काडी नेते, सगळं कळतं.

सध्या येणाऱ्या एका नराच्या डाव्या पंखात दोन पिसं पांढरी आहेत. नवी पिसं आल्यावर तिसरं पांढरं निघतं का, ते बघायचंय. तोवर वहीत त्याच्या चित्राखाली प्रकाराची जागा कोरी आहे.