माळ्यावरची पेटी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात माझे बालपण आहे, असे मी म्हणतो. तिच्यात अडगळ आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे. लग्नाला 41 वर्षे झाली, पण या एका प्रश्नावर आमचे मतैक्य झालेले नाही.

पेटीत तसे मौल्यवान काही नाही. मंघारामच्या बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्या डब्यात माधवराव महाराजांची छबी असलेला तांब्याचा पाव आणा आहे. 1957 साली नवे पैसे आले आणि पुढे जुनी नाणी व्यवहारातून गेली, तेव्हा आजीने तो मला खेळायला दिला होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटावर ग्वाल्हेरचे नाव छापून संस्थानाने आपलेसे केलेली काही टपाल तिकिटे आहेत. एक भोवरा, काही गोट्या, आणि श्योपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीचे पुठ्ठ्याचे तिकीट. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे दोनशे किलोमीटर जाणारी ती गाडी 2020 साली बंद झाली. तिच्या खिडकीतून येणाऱ्या कोळशाच्या कणांनी चुरचुरणारे डोळे मला अजून आठवतात.

‘चांदोबा’चे अंकही होते. एकदा मी परगावी असताना ते रद्दीत गेले. “वाळवी लागली होती,” एवढेच ती म्हणाली. मी आठ दिवस अबोला धरला. तिला त्याचे काहीच वाटले नाही, हे मला अंक जाण्यापेक्षाही अधिक लागले.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पेटी पुन्हा खाली उतरली. “अहो, हे कबाडीवाल्याला द्यायचं की नाही, एकदा ठरवा,” ती म्हणाली. मी जयविलास राजवाड्याचा दाखला दिला. जेवणाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी, पाहुण्यांना मद्य आणि चिरूट पोचवणारी चांदीची आगगाडी तिथे काचपात्रांसह मांडलेली आहे, आणि लोक तिकीट काढून ती पाहतात. “राजाचं खेळणं संग्रहालयात आणि माझं कबाडात, हा कुठला न्याय?” “त्यांच्याकडे खोल्या आहेत,” ती म्हणाली आणि केरसुणी घेऊन पुढच्या खोलीत गेली.

सुटीला आलेली नात पेटीतल्या गोट्या मोजत होती. तिने सहज विचारले, “आजी, तुझी पेटी कुठे आहे?”

केरसुणीचा आवाज थांबला. “माझी कुठली पेटी, बाळ? सासरी येताना संसाराची भांडी देतात. खेळातली कोण देतं?”

मग कळले, ते असे. साताऱ्याच्या माहेरी तिची पितळी भातुकली होती. लग्नानंतर पहिल्यांदा ती माहेरी गेली, तेव्हा ती भातुकली भावाच्या मुलीकडे गेलेली होती. कोणी तिला विचारले नव्हते, आणि तिनेही कोणाला विचारले नाही. विचारायचे असते, हेच तिला ठाऊक नव्हते.

41 वर्षांत हे मी प्रथमच ऐकत होतो. मी ज्या घरात रांगलो, त्याच घरात म्हातारा झालो. माझा भोवरा जिथे ठेवला, तिथेच सापडत राहिला. वस्तू जपण्याचा हा छंद मी माझ्या रसिकतेचा पुरावा समजत आलो होतो. त्यासाठी मुळात घर सोडावे लागू नये, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानीच आली नव्हती. जिला सगळेच मागे टाकून यावे लागले, तिने माझ्या गोट्यांचे कौतुक कोणत्या तोंडाने करावे?

1905 साली सुरू झालेला आमचा ग्वाल्हेरचा मेळा हिवाळ्यात भरला. तिथे एका दुकानात पितळी भातुकली दिसली. मी मोठ्या उत्साहाने किंमत विचारली. तिने एक छोटी परात हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि परत ठेवली. “राहू द्या. दुसऱ्या कुणाचं लहानपण विकत घेऊन मी काय करू?” आम्ही चहा पिऊन घरी आलो.

त्या रात्री मात्र नातीने फोनवर विचारल्यावरून ती बोटांवर भांडी मोजू लागली: चूल, तवा, परात, पोळपाट, लाटणे, जाते, बंब... मी पलीकडे बसून ती एका कागदावर उतरवली आणि कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिला. तिला सांगितले नाही.

परवा माळ्यावरून काही काढताना मी पेटी उघडली. कागद होता तसाच होता. फक्त माझ्या सोळा नावांच्या खाली, तिच्या वळणदार अक्षरात, सतरावे लिहिलेले होते: ‘झारा’.