प्रोबच्या टोकापाशी

स्कोपवर आपण जे पाहतो ते प्रोब लावल्यानंतरचं सर्किट. नेहमीचा 10:1 प्रोब टोकाला 10 मेगाओहम दाखवतो, त्यामुळे तो बिनत्रासाचा वाटतो. पण त्याच टोकाला 10 पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्सही असतो. 100 मेगाहर्ट्झला 10 पिकोफॅरड म्हणजे 159 ओहम, आणि 1 गिगाहर्ट्झला जेमतेम 16 ओहम. एवढा भार टाकल्यावर सिग्नल पूर्वीसारखा राहील ही अपेक्षाच चुकीची. ॲक्टिव्ह प्रोब हा भार 1 पिकोफॅरड किंवा त्याहून खाली आणतो, कारण त्याचा बफर टोकापासून काही मिलिमीटरवर बसलेला असतो.

*

नाशिकला एवढी फ्रीक्वेन्सी कशाला, असं सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये हमखास विचारलं जातं. इथलं पोट 50 हर्ट्झवर चालतं: स्विचगियर, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, मीटर. प्रश्न रास्त आहे. पण आजचा कुठलाही ऊर्जामीटर उघडून पाहा. आत बहुधा वेळ राखणारा 32.768 किलोहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि तो 6 ते 12.5 पिकोफॅरड लोडसाठी बनवलेला असतो. त्याच्या पायावर नेहमीचा प्रोब ठेवला की लोड बराच वाढतो. घड्याळ मागे पडतं, कधी थांबतंच. तपासणारा म्हणतो क्रिस्टल खराब. क्रिस्टल ठणठणीत असतो. प्रोब उचलला की पुन्हा चालू लागतो. इथे फ्रीक्वेन्सी किलोहर्ट्झमधली, तरीही गरज ॲक्टिव्ह प्रोबचीच.

माझं म्हणणं हेच आहे. स्वस्त प्रोब बनवताना किती गिगाहर्ट्झ यापेक्षा किती पिकोफॅरड हे आधी ठरवावं.

*

याच मुद्द्याची दुसरी बाजू. 100 मेगाहर्ट्झच्या स्कोपला 1 गिगाहर्ट्झचा प्रोब लावून काय उपयोग? राइज टाइमचा हिशेब: स्कोपचा 3.5 नॅनोसेकंद, प्रोबचा 0.35. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर 3.52. पडद्यावरची एज आहे तेवढीच तिरपी राहते. पण तिकडे बोर्डावर सर्किट मोकळं राहतं, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या किंवा लहान कारखान्यातल्या साध्या स्कोपलाही हा फायदा मिळतो. महागडा स्कोप नाही म्हणून चांगला प्रोब नको, हे तर्कट मला अजिबात पटत नाही.

*

आधी फुकटात होण्यासारखं. 50 ओहमच्या कोॲक्सच्या टोकाला 450 ओहमचा रेझिस्टर जोडा, दुसरीकडे स्कोपला 50 ओहम टर्मिनेशन द्या: 10:1 प्रोब तयार. कपॅसिटन्स पिकोफॅरडच्या खाली, आणि गिगाहर्ट्झपर्यंत तो प्रामाणिक राहतो. अट एकच, सर्किटला 500 ओहमचा भार झेपला पाहिजे. क्लॉक ड्रायव्हरच्या आउटपुटला झेपतो, क्रिस्टलला नाही. प्रत्येक बेंचवर हा एक असावाच.

*

आता खरा ॲक्टिव्ह प्रोब. टोकाला 9 मेगाओहम, त्याला समांतर 0.33 पिकोफॅरड. खाली 1 मेगाओहम, त्याला समांतर 3 पिकोफॅरड. दोन्हीकडचा गुणाकार 3 मायक्रोसेकंद, म्हणजे कमी-जास्त सगळ्या फ्रीक्वेन्सींना दहावाच भाग मिळतो. त्यातले 3 पिकोफॅरड मुख्यतः बफरच्या इनपुटचेच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीयूएफ802 हा जेफेट इनपुटचा बफर 3 गिगाहर्ट्झच्या आसपास जातो. एके काळी हेच काम निवडक जेफेट आणि ट्रान्झिस्टर जुळवत बसून करावं लागे, आणि त्यांतला सगळ्यांचा लाडका बीएफ862 तर एनएक्सपीने बनवणंच बंद केलं.

0.33 पिकोफॅरड बाजारात शोधू नये. पीसीबीवरचे तांब्याचे दोन तुकडे समोरासमोर ठेवले की तो तयार होतो. जुळवणी मात्र तिथे करू नये, वरचा 0.01 ने बदलणं आणि खालचा 0.1 ने बदलणं सारखंच, आणि 0.1 हाताला पेलतं. म्हणून ट्रिमर खालच्या बाजूला. टोकाखालचं ग्राउंडचं तांबं सगळ्या थरांतून काढून टाकायचं, नाहीतर वाचवलेला कपॅसिटन्स पॅडमधूनच परत येतो. सोल्डरिंगनंतर आयपीएने फ्लक्स नीट धुवायचा. 9 मेगाओहमच्या शेजारी राहिलेला चिकट थर पावसाळ्यात स्वतःच एक रेझिस्टर होतो.

*

उन्हाळ्यात नाशिकची हवा कोरडी. खुर्चीवरून उठून बोट लावलं की अंगावरच्या स्थिर विजेने जेफेटची गेट जाऊ शकते. संरक्षणासाठी बीएव्ही99 डायोड लावावा तर त्याचा स्वतःचाच कपॅसिटन्स 1.5 पिकोफॅरडपर्यंत. टोकाला लावला तर सगळी मेहनत वाया. डिव्हायडरनंतर लावला तर वरचं गणित बदलून जमवता येतं. मी दुसऱ्या बाजूचा. प्रोब हा हाताळण्याचा जिन्नस आहे. थोडी बँडविड्थ गेली तरी चालेल, पण विद्यार्थ्याच्या हातात तो टिकला पाहिजे.

*

दहाने भागलं की नॉइजला दहाने गुणावं लागतं. बफरचे 2.3 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, 1 गिगाहर्ट्झ रुंदी: टोकाकडून मोजलं तर पाऊण ते एक मिलिव्होल्ट. लॉजिक सिग्नलला चालतं. पॉवर सप्लायचा बारीक रिपल पाहायला हा प्रोब काढू नये.

*

पुण्याच्या रस्त्याला नारायणगाव लागतं, तिथून पूर्वेला खोडद. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश तिथे आणि आसपास पसरल्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी वापरली, म्हणून एवढ्या मोठ्या डिश देशाला परवडल्या. ज्या तरंगलांब्या पाहायच्या होत्या त्यांना जाळी पुरेशी होती. आणि प्रत्येक डिशमध्ये पहिला ॲम्प्लिफायर वर, फीडपाशीच असतो. सिग्नल जिथे पकडला तिथेच त्याला ताकद द्यायची आणि मग लांब पाठवायचा, ही रीत टेबलावरच्या प्रोबची आणि त्या डिशची एकच. परवडणारं कसं बनवायचं, हे ज्यांनी दाखवलं त्यांचं काम आपल्यापासून एका दुपारच्या अंतरावर आहे.

*

ग्राउंडची शेपटी. तारेचा इंडक्टन्स मोटामोटी मिलिमीटरला 1 नॅनोहेन्री. 15 सेंटिमीटरची मगरक्लिप म्हणजे 150. 10 पिकोफॅरडशी मिळून 130 मेगाहर्ट्झला रिंगिंग. कित्येक बोर्डांचा दोष म्हणून लिहिलेलं रिंगिंग या शेपटीचं असतं. म्हणून ॲक्टिव्ह प्रोबसोबत ग्राउंडची आखूड स्प्रिंग पिन द्यायचीच, मगरक्लिप द्यायचीच नाही. वापरणारे कुरकुरतील. कुरकुरू देत.

*

बाजारात 1 गिगाहर्ट्झचा नावाजलेला प्रोब लाखाच्या पुढेच मिळतो. त्यात चिपचा वाटा थोडा. पैसे जातात ते टोकाच्या यंत्रकामात आणि तपासणीत. यंत्रकामाची नाशिकला वाण नाही: पितळेची बारीक टोकं, छोटी खोकी, स्प्रिंग पिना करून देणारे इथे आहेत. मोजमापाची उपकरणं बनवण्याची परंपराही आहे. 1982 साली सुरू झालेल्या ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सने सातपूरमधून मीटर बनवत 2011 मध्ये पोलंडची लुमेल कंपनी घेतली. कमी आहे ती उच्च फ्रीक्वेन्सीच्या तपासणीची सवय.

ती सवयही आता आवाक्यात आहे. ॲनालॉग सर्किट डिझायनर जिम विल्यम्स यांनी 1991 मध्ये मांडलेला 2एन2369 ट्रान्झिस्टरचा ॲव्हलांच पल्सर 350 पिकोसेकंदांची एज देतो. नॅनोव्हीएनए हा साधा नेटवर्क ॲनालायझर 900 मेगाहर्ट्झपर्यंत पाहतो. त्यांना जोडायला हवी एक पट्टी: 1.6 मिलिमीटरच्या एफआर4 वर सुमारे 3 मिलिमीटर रुंदीचा 50 ओहमचा ट्रॅक, दोन टोकांना एसएमए, मध्ये प्रोब टेकवायला जागा आणि शेजारी ग्राउंड. प्रोब टेकवण्याआधीची आणि टेकवल्यानंतरची एज एकावर एक ठेवून पाहायची. फरक दिसतो तेवढा प्रोबचा भार. ही पट्टी प्रत्येक प्रोबच्या डबीत द्यावी. किमतीत फारसा फरक पडत नाही, आणि घेणाऱ्याला बनवणाऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही.