भिंतीचं पोट

माधवनगर सोडून बुधगाव, कवलापूरवरून तासगावच्या रस्त्याला लागलं, की द्राक्षबागांच्या आणि उसाच्या मधेमधे काळ्या दगडाच्या बुटक्या इमारती दिसतात. कुणाचं छप्पर गेलेलं, कुणावर गंजके पत्रे आणि ते उडू नयेत म्हणून वर ठेवलेले धोंडे. बहुतेक गोठेच. काही जुनी गुऱ्हाळघरं, काही विहिरीच्या धावेशेजारच्या खोल्या. मोट गेली तेव्हा मोटेचे बैल गेले, ट्रॅक्टर आला तेव्हा नांगराचे गेले, आणि ऊस कारखान्याला जायला लागल्यावर चुलाणावरची काहीलही उतरली. इमारती मात्र कुणी पाडल्या नाहीत, कारण पाडायलाही पैसे लागतात. आत ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खताची रिकामी पोती, जळालेली मोटार आणि कुत्रीची पिल्लं, असा एकूण संसार.

गेल्या काही वर्षांत या इमारतींना गिऱ्हाईक आलंय, आणि तेही घरातलंच. पुण्यात नोकरी करणारा नातू सुट्टीला येतो, गोठ्याभोवती दोन चकरा मारतो आणि त्याचं घर करून द्या म्हणून मला, इंजिनिअरला, फोन करतो. भेटीत मोबाइलवरचे फोटो दाखवतो. इटलीतलं काहीतरी, इंग्लंडमधलं काहीतरी. इंग्लंडमध्ये शेतातल्या कोठाराचं घर करणं इतकं अंगवळणी पडलंय, की २०१४ पासून तिथल्या नियोजनाच्या नियमांत त्याला वेगळी वाटच करून दिली आहे; तिला आता ‘क्लास क्यू’ म्हणतात. फोटो संपले की ठरलेलं वाक्य येतं, “बाकी तुम्ही बघा, पण दगड दिसला पाहिजे.”

दगड दिसायला काही लागत नाही. तो दिसतोच आहे. मला काळजी असते ती न दिसणाऱ्या भागाची.

आपल्याकडची दोन फुटी दगडी भिंत ही एक भिंत नसते. बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या पोकळीत कपच्या, गोटे आणि माती. बाहेरचा दगड पाथरवटानं टाकी लावून घडवलेला, आतला ओबडधोबड, आणि पोटातला भराव हाताला येईल तो. चांगल्या गवंड्यानं काम केलं असेल, तर दर थोड्या अंतरावर एखादा लांब दगड आडवा घालून दोन्ही थर एकमेकांना बांधलेले असतात. वाड्याच्या भिंतीत हे सापडतं. गोठ्यात क्वचित. गोठ्यासाठी लांब दगड कोण वाया घालवणार? असे दगड उंबऱ्याला जायचे, जोत्याला जायचे, धुणं धुवायला विहिरीवर जायचे.

याचा हिशेब भूकंपात होतो. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला जमीन हलली, तेव्हा पाटण भागातली दगडमातीची घरं अशीच पोट फुटून पडली. आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून तो धक्का सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत तेच झालं, फार मोठ्या प्रमाणावर. गणपती बोळवून लोक झोपले होते. हलताना भिंतीतला भराव पाचरीसारखा खाली बसत जातो, दोन्ही थर बाहेर ढकलले जातात, आणि मग वरचं माळवद, म्हणजे तुळया आणि त्यावरची वर्षानुवर्षं चढत गेलेली माती, सरळ खाली येतं. त्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर बरेच दिवस मराठवाड्यात दगडाला लोक भ्यायले. दोष दगडाचा नव्हता. बांधणीचा होता, आणि वरच्या ओझ्याचा.

म्हणून गोठ्याचं घर करायला घेतलं, की पहिल्या दिवशी नकाशा काढत नाही. आमचे एक वडार मामा आहेत, त्यांना घेऊन जातो. ते छोटी हातोडी घेऊन भिंतीच्या एका कोपऱ्यापासून चालत सुटतात. ठोकतात, थांबतात, पुन्हा ठोकतात. भरीव भिंत टणक बोलते. जिथं भराव खाली बसून पोकळी झालीय, तिथं आवाज बद्द येतो. “साहेब, हितं कान लावा,” म्हणून मामा बोलावतात आणि खडूनं फुली मारतात. मग ओळंबा सोडायचा. भिंत वरखाली ओळंब्यात आणि मधे बाहेर आलेली असेल, तर समजायचं की थर सुटलेत. त्या फुगवट्यावरचा एखादा दगड मामा पहारीनं हलकेच सैल करून काढतात. आत हात घातला की कोरडी भुसभुशीत माती बोटांतून गळते, कधी उंदरांनी साठवलेली शाळूची कणसं निघतात. इतकं बघितलं, की त्या भिंतीविषयी मला जे कळायचं ते कळतं.

फुगलेला भाग उतरवून पुन्हा रचायचा. दगडांना नंबर घालायचे, बाहेरच्या तोंडाचे दगड त्याच जागी लावायचे, आणि या खेपेला आरपार दगड घालायचे. जी भिंत ओळंब्यात उभी आहे पण बांधलेली नाही, तिच्यासाठी किल्लारीनंतर दुरुस्तीच्या कामांत वापरलेली एक साधी युक्ती आहे. साधारण मीटरभर अंतरावर, एकाखाली एक न येता आडवेतिडवे, एकेक दगड काढून भिंतीतून तीन इंची भोक आरपार न्यायचं. घण घालून नाही, सळईनं माती उकरत. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. दोन्ही थर एकमेकांचा हात धरतात. बाहेरून वर दगडाची चीप बसवली, की नातवाच्या फोटोत काही दिसत नाही. चुन्याचे कट्टर भक्त मला यावरून टोचतात, की जुन्या भिंतीत सिमेंट कशाला? पोटात, मोजक्या जागी, मला ते चालतं. अंगावर चालत नाही. त्याचं कारण पुढे येतंच.

छपराचं थोडक्यात. जत, आटपाडीकडच्या गोठ्यांवर अजून माळवद सापडतं. दहा बाय दहाच्या खणावर फूटभर माती म्हणजे पाच टनांच्या आसपास वजन, तेही कोरडं. ते उतरवायचंच. इकडे माधवनगरच्या बाजूला कौलं किंवा पत्रे असतात. मंगळुरी कौल मला आवडतं. १८६५ साली बासेल मिशननं मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासून हे खाचेचं कौल दख्खनभर पसरलं. हलकं, आणि एक फुटलं तर एकच बदलायचं. पण कौलांच्या आधी भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग पट्टा हवा, काँक्रीटचा किंवा कोपऱ्यात नीट जोडलेल्या लाकडाचा. तो नसेल तर बाकीचं सगळं शोभेचं आहे.

आता मूळ दुखणं. ते गोठ्याचंच असतं, वाड्याचं नसतं.

चाळीस-पन्नास वर्षं जिथं जनावरं बांधली, तिथली जमीन मूत पिऊन बसलेली असते. मुतातला युरिया कुजतो, त्याचा अमोनिया होतो, आणि मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. साध्या भाषेत सोरा. पूर्वी दारूगोळ्याचा सोरा गोठ्याच्या आणि जुन्या भिंतींच्या मातीतूनच धुऊन काढायचे. याच रस्त्यावर पुढे कवठेएकंद आहे. दसऱ्याला सिद्धराजाच्या पालखीपुढं तिथं जी आतषबाजी होते, तिच्या दारूतला मुख्य घटक हाच. कवठेएकंदला त्याचं कौतुक, माझ्या कामात तो वैरी. जमिनीतला ओलावा भिंतीत वर चढतो, सोबत हे क्षार घेऊन. हवा लागली की पाणी उडून जातं आणि खार फुटतो. पांढरा, कापसासारखा मऊ, बोटानं पुसला तर निघणारा. गिलाव्याच्या आत तो फुटला, तर गिलावा पापुद्र्यांनी सुटतो.

बहुतेक मालक इथंच सिमेंट थापतात. भिंत वर्षभर छान दिसते. ओल मात्र थांबलेली नसते. सिमेंटमधून बाहेर पडता येत नाही, म्हणून ती आणखी वर चढते, आणि तीन फुटांवर फुटणारा खार पाच फुटांवर फुटायला लागतो. एका वस्तीवर मला ‘गळतीसाठी’ बोलावलं होतं. पावसाळ्यात भिंतीवर गाईच्या पाठीएवढाले ओले डाग पडत. वर कौल शाबूत, आसपास नळ नाही. दोन प्लंबर येऊन गेले होते. मी डाग मोजले. सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर. तिथं दावण होती. काही नायट्रेटचे क्षार हवेतलंच पाणी ओढून घेतात, त्यामुळे आषाढात भिंतीला घाम फुटल्यासारखं होतं आणि दिवाळीनंतर ती आपोआप सुकते. प्लंबर तरी काय करणार!

उपाय आहे, पण त्याला घाई चालत नाही, आणि नातवाला गृहप्रवेशाची तारीख हवी असते. आधी सिमेंटचा गिलावा असेल तर छिन्नीनं उतरवायचा, दगडांमधल्या दरजा बोटभर खोल उकरायच्या. भिंत उघडी ठेवून एक उन्हाळा खाऊ द्यायचा. मग चुना आणि वाळूचा, मुद्दाम कमी चुन्याचा, सच्छिद्र असा पातळ गिलावा करायचा. तो टिकण्यासाठी नसतोच. भिंतीतला खार त्यात ओढला जातो, गिलावा खराब होतो, आणि मग तो काढून टाकून द्यायचा. शेतात नाही, लांब. काही भिंतींना हे पुन्हा करावं लागतं. खराब झालेला गिलावा पाहून मालकाचा चेहरा पडतो, आणि मी त्याला पेढे द्या म्हणतो. एकदा कळलं की मग पटतं.

जमीन उकरायची तीही अशीच. वास संपेपर्यंत. फूटभर, कुठे दीड फूट. मात्र भिंतीलगत पाया उघडा पडू द्यायचा नाही. तिथली माती उताराची सोडून मधली काढायची. ही माती मात्र वाया जात नाही. नायट्रेटनं भरलेली असल्यामुळे उसाला चालते, आणि मालकाला माझं तेवढंच काम फुकटात पडल्यासारखं वाटतं. खड्ड्यात मुरूम, त्यावर डबराची सोलिंग, वर चुन्याचं काँक्रीट आणि शहाबादी फरशी. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा नाही. त्यानं जमिनीची ओल कोंडते आणि दुसरी वाट नसल्यानं भिंतीत शिरते.

चुन्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. कळीचा चुना पाण्यात टाकला, की पाणी खदखदतं, वाफ येते, आणि शेजारच्या वस्तीवरची पोरं बघायला जमतात. तो विझवून महिनाभर तरी पाण्याखाली मुरवायचा. पूर्वी तो बैलाच्या घाण्यात वाळू-सुरकीबरोबर मळायचे. त्या घाण्याची दगडी चाकं आजही आमच्याकडे कुठल्याशा पारावर बसायला वापरलेली दिसतात. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालणारे घालतात, आणि सांगलीच्या पेठेत गुळाला तोटा नाही. मी थोडा घालतो. पण भरवसा ठेवतो तो मळण्यावर आणि ओल्या गोणपाटावर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. वैशाखात तीन दिवसांत वाळवला की त्याची नुसती पूड होते.

खिडक्या नव्या पाडाव्या लागतात, कारण गोठ्याला असतात ती झरोक्याएवढी भोकं. कोपऱ्यापासून लांब, आधी टेकू देऊन, वर पूर्ण भिंतीच्या जाडीची तुळई टाकून मगच खालचा दगड काढायचा. कोनाडे बुजवत नाही. गव्हाणीची दगडी कड जमेल तिथे ठेवतो. बसायला बरोबर उंचीची असते, दीड फूट.

आणि पाहुणे विचारतात, “गोठ्यात राहणार तुम्ही?” मालकाला हे फार लागतं. त्याला मी साताऱ्याजवळ शेरी लिंबला जाऊन यायला सांगतो. तिथली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे १७१९ ते १७२४ च्या दरम्यान बांधवून घेतली. शंभर फुटांहून खोल, अष्टकोनी, आणि सगळी दगडात. मोटा चालायच्या त्याच बांधकामात मधे खांबांचा महाल आहे. बैल ओढतायत, पाणी पडतंय, आणि तिथंच राजघराण्याची बैठक. शेतीच्या इमारतीत बैठक मांडायला भोसल्यांना कमीपणा वाटला नाही, तर पुण्याच्या पाहुण्यांचं काय घेऊन बसलात?

बुधगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरचं असं काम संपत आलं होतं. नातू खूश होता, दगड दिसत होता. त्याची आज्जी सगळ्या कामात एकदाही काही बोलली नव्हती. फरशी बसल्यावर ती काठी टेकत आली, दावणीच्या जागेवर उभी राहिली आणि म्हणाली, “इंजिनेर, समदं ब्येस केलंसा. आता जनावरं कुठं बांधायची?”

नातवानं माझ्याकडं पाहिलं. दोन म्हशी आणि एक कालवड गेलं वर्षभर शेजारच्या पत्र्याखाली होती, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी वही काढली. घराच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या खालच्या अंगाला, साठ फूट सोडून पत्र्याचा गोठा आखला. तळाला पक्कं काँक्रीट, फुटाला पाव इंच उतार, मागं मुताची नाली आणि ती थेट शेणखताच्या खड्ड्यात. आज्जीनं नालीची रुंदी विचारली. मी सहा इंच सांगितली. “नऊ करा,” ती म्हणाली, “फावडं बसाया पायजे.” नऊ केली.