मोळा

भाड्याची खोली पाहायला गेलं की लोक आधी नळ सोडून पाहतात, खिडकी कुठल्या अंगाला आहे ते बघतात, संडास स्वतंत्र आहे का विचारतात. मी भिंतीकडे बघतो. आधीच्या माणसानं मोळे कुठे ठोकले होते, कुठले उपटून नेले, कुठले तसेच सोडले. दाराशेजारी खांद्याच्या उंचीला असेल तर तिथं पिशवी असायची. चुलीच्या अंगाला ओळीनं तीन असतील तर चाळणी, झारा, पळी. आणि दारासमोरच्या भिंतीवर, डोक्याच्या वर एक असतो. त्याच्यापाशी मी थांबतो. त्याच्याखाली पाटीएवढा चौकोन उजळ राहिलेला असतो. तिथं कोण होतं ते कळत नाही, पण कुणीतरी होतं.

आमच्या हिंगोलीकडे खिळ्याला मोळा म्हणतात. पेन्शनपुऱ्यातल्या ज्या वाड्यात मी वाढलो, तिथं या एवढ्याशा लोखंडाला चार नावं होती. आम्ही मोळा म्हणायचो. मालकीणबाई, जिला सगळा वाडा खाला म्हणायचा, ती कील म्हणायची. समोरच्या खोलीतले साताऱ्याकडचे कारकून खिळा म्हणायचे, आणि कोपऱ्यातली तेलुगू बोलणारी आजी, निजामाच्या राजवटीत नवऱ्याच्या नोकरीबरोबर इकडे आलेली आणि इथंच राहिलेली, ती मेकू म्हणायची. हातोडी मात्र साऱ्या वाड्यात एकच होती. ती खालाच्या पलंगाखाली असायची.

हे गाव असं मिसळलेलं का, याचं उत्तर गल्ल्यांच्या नावांतच आहे. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. हैदराबाद कंटिन्जंट म्हणून जी फौज निजामाच्या मुलखात होती, तिची इथं छावणी होती. वऱ्हाडाची हद्द जवळ, म्हणून. त्याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाड निजामाकडून आपल्या ताब्यात घेतला. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळून गेली, पण माणसं राहिली. औधकडून आलेले शिपाई, रोहिले, दख्खनी मुसलमान, त्यांच्यामागं आलेले मारवाडी सावकार. आमच्या वाड्यातल्या परदेशी भैयाजींचे आजोबा घोडदळात होते म्हणे. ते स्वतः कापसाच्या जिनिंगमध्ये तोलाईला होते आणि घरात अजूनही पूर्वजांच्या बोलीतच रागवायचे. थोडक्यात, सगळं गावच कधीतरी मुक्कामाला आलेलं होतं. तरीही आम्हाला खोली मिळायला दोन महिने लागले.

दादा, म्हणजे माझे वडील, सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले. १९७६ साली हिंगोलीजवळच्या शाळेवर मास्तर म्हणून आले. जिल्हा तेव्हा परभणी. मी सहा वर्षांचा होतो आणि खोली शोधायला ते मला बरोबर न्यायचे. लेकराबरोबर आलेल्या माणसाला लोक दारातून परत पाठवत नाहीत, असं त्यांना वाटत असावं. लोक बसायला सांगायचे. पाणीसुद्धा यायचं कधीकधी. मग "मास्तर, आडनाव काय म्हणालात?" दादा आडनाव सांगायचे. नाही असं कुणीच म्हणायचं नाही. कुणाच्या मुलीचं लग्न निघालेलं असायचं आणि पाहुण्यांना खोली लागायची. कुणाला माळवदाची माती काढायची असायची. एकानं तर भाडं सांगितलं होतं, आगाऊ पैसे हातात घेतले होते, आणि आडनाव ऐकल्यावर मोजून परत दिले. नोटा परत देताना त्यानं त्या खाली, ओट्यावर ठेवल्या. दादांनी त्या उचलल्या. माझ्या लक्षात वाकलेली ती पाठ आहे.

खालानं आडनाव विचारलं नाही. ती थोर होती म्हणून विचारलं नाही, असं मी मोठेपणी बरीच वर्षं सांगत फिरलो. आता तसं सांगवत नाही, कारण त्यानं ती लहान होते. ती विधवा होती, पाच खोल्यांच्या भाड्यावर तिचं घर चालायचं, आणि तिला फक्त दोन गोष्टी कळायच्या होत्या: पगार दरमहा होतो का, आणि पाणी किती घागरी लागतं. नळ एक आणि बिऱ्हाडं पाच. पाण्यावरून ती कुणाचंही ऐकायची नाही, अगदी स्वतःच्या मुलाचंही. वीस रुपये भाडं पाच तारखेला नाही पोचलं की सहा तारखेला दारात उभी. हा करडेपणा सगळ्यांना सारखा होता. आमच्या वाट्याला वेगळा आला नाही, आणि दादांना तेवढंच हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात दादा हातोडी मागायला गेले. खाला म्हणाली, "क्या लटकाने का है, मास्टर?"

दादा गप्प झाले. मग म्हणाले, "आरसा."

आरसा आमच्याकडे होताही, पण त्यांना लावायचा होता बाबासाहेबांचा फोटो. काचेचा, जाड लाकडी चौकटीचा, नागपूरहून दीक्षाभूमीवरून आणलेला. आरसा बाहेरच्या खोलीत लागला. फोटो आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीच्या वर, दारातून दिसणार नाही असा. त्यासाठी हातोडी मागितली नाही. मायनं वरवंटा दिला, त्यानं मोळा ठोकला. भिंत पांढऱ्या मातीची. आवाज फारसा झाला नाही.

मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. मी आठ वर्षांचा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जाळून मारल्याची बातमी दादांनी आम्हाला सांगितली नाही. ती मी नळावर ऐकली. गावाकडून मायचा भाऊ रात्री चालत आला, लेकरांना घेऊन. घर जळालं होतं. त्या रात्री दादांनी फोटो उतरवला, धोतरात गुंडाळला आणि ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवला. मोळा तसाच राहिला. झोपताना माझी नजर त्याच्यावर जायची. रिकामा मोळा अंधारात फार मोठा दिसतो.

त्या दिवसांत वाड्याचं मोठं दार दिवसाही आडणा घालून बंद असायचं. खालाचा मुलगा ओट्यावर झोपायचा. तो आमच्यासाठी झोपत होता की उकाड्यानं, मला माहीत नाही. ऑगस्टात तसा उकाडा नसतो. भैयाजी मात्र त्या महिन्यात आमच्याशी कमी बोलले. दुष्टपणानं नव्हे, त्यांना काय बोलावं हे सुचत नव्हतं. सातारकर काकूंनी मायला दोनदा आमटी आणून दिली. यापूर्वी त्या आमच्याकडून काही घ्यायच्या नाहीत, द्यायच्याही नाहीत.

फोटो कधी बाहेर आला, हे मला नीट सांगता येतं, कारण दसऱ्याचे दिवस होते. हिंगोलीचा दसरा मोठा, दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, पाळणे येतात, रावण जळतो. वाड्यातली सगळी लेकरं तिकडं पळालेली. मी तापानं घरीच होतो. खाला धान्य निवडायचं सूप मागायला आली आणि तापाचं ऐकून आतल्या खोलीत शिरली. दादांनी नेमकी ट्रंक उघडलेली, फोटो मांडीवर, ते काच पुसत होते. तिनं पाहिला. हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला.

"इत्ता भारी," ती म्हणाली. "मिट्टी में नई ठैरता मास्टर. गिर जाता. लकडी की गट्टी डालो."

ती गेली आणि हातोडी घेऊन आली. बरोबर बाभळीचा एक ठोकळा, अंगठ्याएवढा. तेव्हा माझ्या बालबुद्धीलाही उमगलं, की दोन वर्षांपूर्वी तिनं "क्या लटकाने का है" विचारलं होतं ते भिंतीच्या काळजीनं. कोण लटकणार, हे तिच्या प्रश्नात नव्हतंच. ते दादांनी ऐकलं होतं. दोन महिने दारोदार जे ऐकलं, तेच त्यांना तिच्या तोंडातूनही ऐकू आलं.

दादांनी बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीला छिद्र कोरलं, गट्टी ठोकून बसवली, गट्टीत मोळा मारला. बाहेरच्या खोलीतच का, त्या दिवशीच का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मायला विचारलं तर ती म्हणायची, "गट्टी मिळाली ना, म्हणून." पंधरा वर्षं तो फोटो तिथं होता.

मी १९९३ ला औरंगाबादला शिकायला गेलो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता प्रश्न थेट नसायचा. "गाव कुठलं? तिकडं आमचे अमुक पाहुणे आहेत, ओळखता का?" असा फिरून फिरून यायचा. सातव्या घरी माझा मित्र पुढं झाला. त्याचं आडनाव असं, की मालकांनी लगेच चहा मागवला. खोली त्याच्या नावावर घेतली, मी त्याचा मावसभाऊ झालो. मालकीणबाई प्रेमळ होत्या. आजारपणात त्यांनी मला पेज करून घातली, हे विसरलो तर मी कृतघ्न ठरेन. पण मला त्या ज्या आडनावानं हाक मारायच्या ते माझं नव्हतं, आणि मी ओ द्यायचो.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. विद्यापीठाच्या दारात मी होतो. माणसं रडत होती, कमानीच्या दगडाला हात लावत होती. सोळा वर्षं. मी तिथंच एक फोटो घेतला, वहीएवढा, पुठ्ठ्याच्या चौकटीचा. खोलीवर आलो. भिंतीवर मोळा होता, त्याला मित्राचा शर्ट अडकवलेला. मित्र म्हणाला, "लाव की." तो मनापासून म्हणत होता. मी फोटो पुस्तकांच्या पेटीत ठेवला. सगळं विद्यापीठ एका नावाचं झालं त्या दिवशी मला एक मोळा वापरता आला नाही, आणि याचा दोष मी बराच काळ मालकांना देत होतो. थोडा माझाही होता. मावसभाऊ मी झालो होतो.

नंतर बँकेची नोकरी, पुणं, मग आणखी दोन गावं. तिथली घरं मी भराभर विसरलो. अकरा महिन्यांचा करार, अकरा महिन्यांनी नवा. सिमेंटच्या भिंती, मोळा वाकतो, ड्रिल लागतं, आणि मालक सांगतात की पुट्टी केलीय, भोक पाडायचं नाही. एका घरी निघताना अनामत रकमेतून भोकांमागं पैसे कापले. सगळ्यांचेच कापतात म्हणे, त्याचं वाईट वाटलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. बँकेत कर्जाची कागदपत्रं पाहता पाहता तो मी बारकाईनं वाचला. परवानगीवाचून पक्कं बांधकाम केलं तर भाडेकरूला काढता येतं, पण पक्कं बांधकाम कशाला म्हणू नये याची यादी तिथं आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी पाडलेली खिडकी, धुराडं. करार लेखी हवा, नोंदणी हवी, तेही आहे. आडनाव ऐकून खोली नाकारली तर काय, हे मी शोधलं. त्यावर एक ओळ नाही. संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता गेली, आणि मुलीच्या लग्नाचे पाहुणे अजून येतायत.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. परभणीहून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं माणसं: नागपूरची, कोल्हापूरची, चंद्रपूरची. राज्य राखीव पोलीस दलाच्या बाराव्या गटाची कुटुंबं होतीच. पुढं हळदीचा व्यापार वाढला, सांगलीपर्यंतचे खरेदीदार दिसू लागले. ज्याच्याकडं एक खोली जास्त होती त्यानं पाटी लावली. मीही बदली मागून परत आलो, अकोल्याच्या रस्त्याला घर बांधलं, वर दोन खोल्या काढल्या. पेन्शनपुऱ्यातला वाडा तोवर पडला होता. खाला आधीच गेली होती. मी जाऊन पाहिलं, मातीच्या ढिगात बाहेरच्या खोलीची अर्धी भिंत उभी होती. गट्टी त्यात असणार. चढून बघायचं धाडस झालं नाही.

वरच्या खोल्या पाहायला पहिला जो मुलगा आला तो हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहायचा. स्वच्छ शर्ट, हातात हेल्मेट. नाव सांगितलं, फक्त स्वतःचं. मी म्हणालो, "पूर्ण नाव?"

पोलिसांकडं भाडेकरूची माहिती द्यावी लागते, करारात नाव लागतं, विचारणं रास्तच होतं. पण मी कागद पुढ्यात घेतला नव्हता. मी ऐकायला थांबलो होतो. तो मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "सर, आधार कार्ड देतो ना." आणि खिशात हात घातला. तो आवाज मला माहीत होता. ओट्यावरच्या नोटा उचलताना दादांनी "बरं, बरं" म्हटलं होतं, तोच.

खोली मी त्याला दिली. आडनाव काय होतं ते इथं लिहीत नाही. तो दीड वर्ष राहिला, भाडं एकदाही चुकलं नाही, बायको-लेकरू आलं, सणाला आमच्याकडं ताट आलं, गेलं. तो गेल्यावर मी वर गेलो. झाडून, पुसून, नळ घट्ट बंद करून गेला होता. बाहेरच्या खोलीच्या चारी भिंती कोऱ्या. एक मोळा नाही, एक भोक नाही. त्यानं विचारलं नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. दारासमोरच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, मधोमध जागा दाखवली. गट्टी लाकडाचीच घाल म्हणालो. त्यानं ड्रिल लावलं, मग थांबला.

"काय लावायचंय, सर?"

"चार किलो पेललं पाहिजे," मी म्हणालो.