बेलवरचं नाव

बर्लिनमध्ये बहुतेक फ्लॅटना नंबरच नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि पिनकोड, एवढंच. कुठलं पत्र कुणाचं, हे पोस्टमन लेटरबॉक्सवरच्या नावावरून ठरवतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. हे मला उशिरा कळलं.

क्रॉइत्सबेर्गमध्ये घर मिळालं तेव्हा मी फार खूश होते. जुनी इमारत, उंच छत, पावलागणिक करकरणारी लाकडी जमीन. माझी खोली मात्र रस्त्याकडे नव्हती, मागच्या इमारतीत होती. एकोणिसाव्या शतकात बर्लिन भराभर वाढलं, तेव्हा अशा भाड्याच्या चाळी उभ्या राहिल्या. पुढे सधन भाडेकरू, मागे चौकाभोवती कामगार. १८५३च्या नियमानुसार चौक किमान ५.३४ मीटर लांब आणि तेवढाच रुंद हवा होता, म्हणजे आगीचा बंब वळवता येईल इतका. उजेडाचा विचार त्यात नव्हता. दिवसाही मी दिवा लावूनच कोडिंग करायचे.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाची सही लागते. मी नवव्या दिवशी नोंदवला. सगळे कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेनुसार. बेलवर आणि लेटरबॉक्सवर मात्र आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. घरमालक म्हणाला, बदलतो. मीही मागे लागले नाही.

पुढे परमिट वाढवायला अर्ज केला. भेटीची तारीख कळवणारं पत्र निघालं आणि परत गेलं. तारीख उलटली, जुन्या कार्डाची मुदतही संपली. अर्ज वेळेत केला असेल, तर जुनं परमिट चालूच आहे असं इथला कायदा मानतो. त्याचा एक दाखला मिळतो. त्याच्या जर्मन नावात चक्क 'फिक्शन' हा शब्द आहे. म्हणजे मी कायदेशीर होते, पण हातात दाखला नव्हता. देशाबाहेर गेले असते, तर परत येणं अवघड होतं.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून आप्पांचा फोन आला. आजी गेली.

मी तिकिटं बघत बसले. आई म्हणाली, "कागद झाल्याशिवाय निघू नकोस. आजी काही रागावायची नाही." मग चुलतभावाने फोन धरला आणि मी वाड्याच्या चौकातून आजीला नेताना पाहिलं. ज्या चौकात ती पापड वाळत घालायची, त्याच चौकातून. माझ्या खिडकीबाहेरच्या चौकात कुणीतरी बाटल्यांचा कचरा टाकत होतं. त्या खळखळाटात आप्पा काय बोलले, ते ऐकूच आलं नाही.

त्या रात्री एका कागदावर मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं आणि लेटरबॉक्सवर आणि बेलवर सेलोटेपने चिकटवलं. दोन मिनिटांचं काम होतं.

दाखला मिळाल्यावर साताऱ्याला गेले. तेराव्यालाही महिना होऊन गेला होता. वाड्याच्या दारावर आजोबांच्या नावाची पत्र्याची पाटी अजून आहे. ते जाऊन अकरा वर्षं झाली, तरी लाइटबिल त्यांच्याच नावाने येतं.

त्या पाटीवर माझं नाव कधीच नव्हतं. पोस्टमन तरी मला बघून म्हणाला, "कधी आलात?"