न वाचता आलेले टपाल

सौंसरच्या आमच्या जुन्या घरात आजोबांची मोडी दफ्तरे होती. वाचणारा उरला नाही, म्हणून ती आम्ही रद्दीत घातली. ते शल्य परवा पुन्हा जागे झाले.

मंडळाच्या अंकासाठी ई-मेलने येणारे लेख उतरवून त्यांचा मथळा, मजकूर व जोडपत्रे वेगळी करणारा एक छोटा प्रोग्राम पुतण्याने सर्व्हरवर बसवला आहे. एका पत्रातून मात्र रोमन अक्षरे नि आकडे यांची नुसती गिचमीड निघाली. मी ते पुसणारच होतो, तोच पुतण्या म्हणाला, "काका, मथळा पाहा. मजकूर कोणत्या रीतीने बांधला, ते तिथेच लिहिलेले असते."

ई-मेलची मूळ वाट इंग्रजी अक्षरांपुरतीच होती. १९९२ साली 'माइम' हा संकेत ठरला आणि इतर लिप्यांनाही त्या वाटेने जाता आले. यूटीएफ-८ रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. बेस-६४ त्या तिहींची चार रोमन चिन्हे करते. प्रोग्रामने आधी बेस-६४ उलगडायचे, मग बाइटांची अक्षरे करायची. यातली पहिली पायरीच राहून गेली होती. ती घालताच पडद्यावर मराठी उमटले: पांढुर्ण्याच्या एका वृद्ध बाईंनी आपल्या सासरच्या संत्र्यांच्या बागेविषयी लिहिलेला निबंध.

आपल्याला वाचता न येणारे ते निरर्थक नव्हे. हे दफ्तरे बांधून देताना कळायला हवे होते.